हिंगोलीचे ऊन आणि हिंगोलीचे पाणी

लंडन शहरात वर्षाकाठी सरासरी ६०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्या हिंगोली जिल्ह्यात तो साधारण ८०० ते ९०० मिलिमीटर पडतो. हे दोन आकडे फळ्यावर लिहून ‘यांपैकी कोरडा प्रदेश कोणता?’ असे वर्गात विचारले, तर मुले बिनदिक्कत लंडनचे नाव घेतील. पण लंडनभोवतीची कुरणे जवळजवळ वर्षभर हिरवी असतात. आणि हिंगोली, सेनगाव, कळमनुरी या तालुक्यांतल्या कित्येक विहिरींचा तळ एप्रिलमध्येच दिसू लागतो. मग आकडे चुकले का? नाही, आकडे बरोबर आहेत. आपला प्रश्न अपुरा आहे.

याचे एक कारण सर्वांना माहीत असते. लंडनचा पाऊस बारा महिन्यांत वाटून येतो, तर हिंगोलीचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतल्या मोजक्या दिवसांत कोसळतो. दुसरे कारण मात्र पाठ्यपुस्तकात क्वचितच सांगितले जाते. पाऊस किती पडतो हे कोरडेपणाचे अर्धेच माप आहे. उरलेले अर्धे माप म्हणजे ऊन किती पडते. एवढी साधी वाटणारी गोष्ट आकड्यांत मांडायला विज्ञानाला अडीचशेहून अधिक वर्षे लागली. त्या इतिहासाचे धागे मुंबई आणि पुण्यातून गेले आहेत, आणि त्याचे एक टोक आज हिंगोलीच्या शेतात उभ्या राहणाऱ्या सौरपंपापाशी येऊन पोचले आहे. म्हणून तो शिक्षकांनी नीट पाहण्यासारखा आहे.

वाफेची किंमत

धूमकेतूमुळे ज्याचे नाव शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते, त्या एडमंड हॅलीने १६८७ साली एक घरगुती वाटावा असा प्रयोग प्रसिद्ध केला. त्याने एका भांड्यात समुद्राइतके खारट पाणी घेतले, ते उन्हाळ्यातल्या हवेइतके कोमट ठेवले, भांडे तराजूला टांगले आणि दोन तासांत त्याचे वजन किती घटते ते पाहिले. त्यावरून त्याने हिशोब मांडला, की उन्हाळ्याच्या एका दिवसात भूमध्य समुद्रातून ५२८ कोटी टन पाणी वाफ होऊन जात असावे. त्या समुद्राला मिळणाऱ्या मोठ्या नद्यांचे पाणी त्याच्या अंदाजाने याच्या एक तृतीयांशाहून थोडेसेच जास्त होते. आकाशाकडे जाणारे पाणी हे नद्यांइतकेच, किंबहुना त्यांहून मोठे आहे, हे त्यामुळे प्रथमच आकड्यांत दिसले.

पण वाफ होण्यासाठी पाण्याला काय द्यावे लागते? १७६०च्या दशकात ग्लासगोमध्ये जोसेफ ब्लॅकने दाखवले, की पाणी उकळत असताना त्याला उष्णता देत राहिले तरी त्याचे तापमान वाढत नाही. ती उष्णता वाफ करण्यातच खर्च होते. या ‘सुप्त उष्णते’चे मोल आज आपण नेमके सांगू शकतो. नेहमीच्या हवामानात एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे २४.५ लाख ज्यूल ऊर्जा लागते. विजेच्या बिलाच्या भाषेत हे झाले जवळजवळ पाऊण युनिट.

पुढे १८०२च्या सुमारास जॉन डाल्टनने हवेतला ओलावा आणि वारा यांचा बाष्पीभवनाशी असलेला संबंध मांडला. वाफेची किंमत कळली, वाफ नेणारी हवाही कळली. ती किंमत चुकवणारा सूर्य किती देतो, हे मोजायचे मात्र राहिले होते. दरम्यान काही जणांनी उन्हाला वेगळ्याच कामाला जुंपायचा घाट घातला.

कुलाब्यातले अडीच अश्वशक्तीचे इंजिन

फ्रान्समध्ये ऑगस्टिन मूशो हा गणिताचा शिक्षक १८६०च्या दशकापासून आरशांनी ऊन एकवटून वाफेचे इंजिन चालवण्याच्या खटपटीत होता. त्याच्या प्रयोगांनी प्रेरित होऊन मुंबईत विल्यम ॲडम्स या इंग्रज गृहस्थाने तसलेच काम हाती घेतले. ॲडम्स हा मुंबई उच्च न्यायालयात डेप्युटी रजिस्ट्रार होता. त्याचा विचार असा, की भारतासारख्या देशात लाकूडफाटा आणि कोळसा दिवसेंदिवस महाग होत जाणार, आणि ऊन मात्र फुकट वाया जाते.

त्याने प्रथम आरसे लावलेली सूर्यचूल केली. मुंबईच्या जानेवारीतल्या उन्हात या चुलीवर सात शिपायांचा मांस-भाजीचा शिधा दोन तासांत शिजत असे. मग त्याने मोठी मांडणी केली. मूशोसारखा एकच मोठा वक्र आरसा घडवणे खर्चाचे आणि अवघड, म्हणून त्याने साध्या सपाट आरशांचे तुकडे चौकटीवर अर्धगोलाकार बसवले आणि त्यांचा झोत मधल्या बॉयलरवर पाडला. त्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचे इंजिन चालले. कुलाब्यातल्या आपल्या आवारात त्याने ते पंधरवडाभर दिवसा चालवून लोकांना दाखवले, आणि पुढे त्याला पाण्याचा पंपही जोडला. या कामावरचे त्याचे पुस्तक १८७८ साली मुंबईत निघाले. उष्ण कटिबंधातल्या देशांत इंधनाऐवजी सूर्याची उष्णता वापरावी, असे त्याच्या नावातच म्हटले होते.

साल लक्षात घ्या. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ होता. एकीकडे ऊन पाण्यासह पिके आणि माणसेही गिळत होते. त्याच वेळी मुंबईत तेच ऊन पाणी उपसू शकते हे सिद्ध होत होते. या दोन गोष्टींची गाठ मात्र तेव्हा पडली नाही. हिंगोली त्या वेळी निजामाच्या राज्यातले, हैदराबाद कंटिंजंटच्या छावणीचे गाव होते. तिथवर कुलाब्याचे आरसे पोचण्याचा प्रश्नच नव्हता. मुंबईतही कोळसा येत राहिला आणि ॲडम्सचे इंजिन विसरले गेले.

यानंतरचा मोठा प्रयत्न इजिप्तमध्ये झाला. १९१३ साली फ्रँक शुमन या अमेरिकन अभियंत्याने कैरोजवळ मादी येथे पन्हळीच्या आकाराच्या लांबलचक आरशांच्या ओळी उभारल्या. त्यांच्या वाफेवर पन्नासहून अधिक अश्वशक्तीचा पंप मिनिटाला २० हजार लिटरांहून अधिक पाणी शेतीसाठी उचलत असे. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले आणि तो प्रकल्प संपला. या उदाहरणातली एक गोष्ट पुढे आपल्याला उपयोगी पडणार आहे. शुमनचा पंप नाईल नदीतून पाणी घेत होता. तो पंप कितीही चालला तरी नाईल आटण्याची भीती नव्हती.

१९४८ आणि त्यानंतर

ऊन आणि पाऊस एकाच तराजूत घालण्याचे काम १९४८ साली झाले. त्या वर्षी इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड या शेती संशोधन केंद्रात हॉवर्ड पेनमन याने सूर्याची ऊर्जा, तापमान, हवेतला ओलावा आणि वारा यांवरून बाष्पीभवन काढण्याचे सूत्र दिले. त्याच वर्षी अमेरिकेत थॉर्नथ्वेटने हवामानाचे नवे वर्गीकरण मांडले. त्याची मूळ कल्पना अशी: जमिनीत पाणी मुबलक असते, तर झाडे आणि माती मिळून किती पाणी हवेला देऊन टाकतील, हे आधी काढा. याला ‘संभाव्य बाष्पोत्सर्जन’ म्हणतात. आकाशाची ही मागणी आणि पावसाचा पुरवठा यांची तुलना करा, म्हणजे प्रदेश कोरडा की ओला ते कळेल. पुढे रशियात बुडिको या शास्त्रज्ञाने हेच ऊर्जेच्या भाषेत सांगितले. वर्षभरात जमिनीला मिळणारी ऊर्जा आणि वर्षभराचा पाऊस उडवून लावायला लागणारी ऊर्जा, यांचे गुणोत्तर म्हणजे कोरडेपणा.

आता यासाठी ऊन मोजायला हवे, आणि ते आपल्याकडे मोजण्याचे श्रेय मुख्यतः ॲना मणी यांना जाते. केरळात १९१८ साली जन्मलेल्या मणींनी बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत संशोधन केले, इंग्लंडमध्ये हवामानाच्या उपकरणांचे शिक्षण घेतले आणि १९४८ सालीच त्या पुण्याच्या वेधशाळेत दाखल झाल्या. परदेशी उपकरणांवर अवलंबून न राहता ती इथेच बनवावीत आणि ती एकमेकांशी ताडून पाहिलेली असावीत, हा त्यांचा आग्रह. माप चुकीचे असण्यापेक्षा नसलेले बरे, अशा वृत्तीने त्यांनी काम केले. १९५७-५८च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाच्या निमित्ताने देशात सौर प्रारण मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभे राहिले. त्या नोंदींवर आधारलेला, भारतातल्या सौर प्रारणाच्या आकड्यांचा त्यांचा ग्रंथ १९८० साली प्रसिद्ध झाला. सौरऊर्जेवर काम करणाऱ्या अभियंत्यांच्या हाती देशातल्या उन्हाचे भरवशाचे आकडे आले, ते अशा कामामुळे.

हिंगोलीचा ताळेबंद

आता हा हिशोब आपल्या जिल्ह्यासाठी करू. मराठवाड्यात दर चौरस मीटरवर रोज सरासरी साडेपाच युनिटच्या आसपास ऊन पडते. उन्हाळ्यात ते याहून जास्त असते आणि पावसाळ्यात ढगांमुळे कमी. वर्षाचे झाले सुमारे २,००० युनिट. एक लिटर पाणी एका चौरस मीटरवर पसरले, तर त्याची उंची एक मिलिमीटर भरते. म्हणजे साडेपाच युनिट ऊन पूर्णपणे वाफ करण्यात खर्च झाले, तर दिवसाला ८ मिलिमीटर आणि वर्षाला सुमारे २,९०० मिलिमीटर पाणी उडेल. प्रत्यक्षात काही ऊन परावर्तित होते, काही उष्णता जमीन परत आकाशाला देते. ते वजा जाता आकाशाची खरी मागणी वर्षाला १,६०० ते १,८०० मिलिमीटरच्या घरात राहते.

पुरवठा ८०० ते ९००, मागणी त्याच्या दुप्पट. लंडनचे ऊन आपल्या निम्मे आणि तिथली मागणी सहाशेच्या आसपास, म्हणजे पुरवठ्याइतकीच. सुरुवातीच्या कोड्याचे उत्तर हे आहे. हिंगोली हे काही वाळवंट नव्हे. पण इथले पाणी उघड्यावर ठेवले तर ते आपले राहत नाही.

याच जिल्ह्यातल्या आणि शेजारच्या धरणांकडे या दृष्टीने पाहता येईल. पूर्णा नदीवर जिंतूर तालुक्यातले येलदरी धरण १९६८ साली पुरे झाले. त्याची एकूण साठवण सुमारे ९३ कोटी घनमीटर आणि वीजनिर्मितीची क्षमता साडेबावीस मेगावॉट. त्याच नदीवर खाली औंढा नागनाथ तालुक्यात सिद्धेश्वर धरण आहे, आणि त्याच्या कालव्यांचे पाणी वसमतकडे जाते. पैनगंगेवर कळमनुरी आणि पुसद तालुक्यांच्या सीमेवर १९८२ सालचे इसापूर धरण आहे. त्याची साठवण सुमारे १२५ कोटी घनमीटर. हे मोठे आधार खरेच. तरी आपल्या भागात उघड्या जलाशयावरून वर्षाला दीड ते दोन मीटर उंचीचे पाणी उडून जाते. दोन मीटर धरले, तर एका चौरस किलोमीटरच्या जलपृष्ठावरून वर्षाला २० लाख घनमीटर पाणी कोणाच्याही शेतात न जाता आकाशात जाते.

आणि कालव्याचे पाणी सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. जिल्ह्याच्या मोठ्या भागाची भिस्त विहीर आणि बोअर यांवर आहे. तिथे पाणी सूर्यापासून झाकलेले राहते, हा भूजलाचा मोठा फायदा. पण ते ठेवायला जागा किती?

काळ्या पाषाणातली जागा

हिंगोली जिल्ह्याखाली दख्खनच्या लाव्हारसाचा, म्हणजे बेसाल्टचा काळा पाषाण आहे. वाळूत कणाकणांमध्ये पाणी साठते, तसे या पाषाणात साठत नाही. ते साठते वरच्या मुरमात आणि पाषाणातल्या भेगांत. बेसाल्टच्या मुरमाचा भूजलाच्या हिशोबात धरला जाणारा आकडा २ टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे १०० लिटर मुरमातून विहिरीला मिळणारे पाणी अवघे २ लिटर. भरणाही तसाच बेताचा. पावसाचा साधारण दहावा हिस्सा या पाषाणात मुरतो, असे ढोबळमानाने धरता येते.

१९७२च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात बोअर घेणारी यंत्रे गावोगाव फिरू लागली. बोअरने जुन्या विहिरीपेक्षा खोल जाता आले. पण खोल गेल्याने भेगा वाढत नाहीत, बहुधा कमीच होतात. पिण्याचे पाणीच धोक्यात येऊ लागले तेव्हा १९९३ साली राज्यात कायदा झाला, आणि सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यास बंदी आली. कागदावर पाणी वाचवणारा हा कायदा होता. प्रत्यक्षात उपशाला आळा घालणारी गोष्ट वेगळीच होती: वीज. शेतीची वीज दिवसातून ठरावीक तास, आणि तीही आठवड्याआड रात्रीची. शेतकऱ्यासाठी हा जाचच. साप-विंचवाच्या भीतीने अंधारात पाणी द्यायला जावे लागे. पण वीज बंद असे तेवढा वेळ विहिरीला दम मिळत असे.

सौरपंपाचे गणित

सूर्यप्रकाशापासून थेट वीज देणारा सिलिकॉनचा घट १९५४ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत तयार झाला. ॲडम्सचे आरसे आणि बॉयलर यांची गरज उरली नाही. सुरुवातीला तो उपग्रहांनाच परवडत होता. पुढे स्वस्त होत गेला. २०१९ साली केंद्राची ‘कुसुम’ योजना आली आणि २०२४ साली महाराष्ट्र शासनाने ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही योजना जाहीर केली. तीत सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने ५ टक्के रक्कम भरायची असे ठरले. अडीच एकरांपर्यंत जमीन असेल तर ३ अश्वशक्तीचा, पाच एकरांपर्यंत ५ अश्वशक्तीचा आणि त्यापुढे साडेसात अश्वशक्तीचा पंप. पाण्याचा शाश्वत स्रोत असावा अशी अट आहे. तरी पंपाची ताकद ठरते ती जमिनीवरून, विहिरीच्या आवकेवरून नव्हे.

दिवसा, बिलाशिवाय पाणी मिळणे हा शेतकऱ्याच्या आयुष्यातला फार मोठा दिलासा आहे, यात शंका नाही. आता गणित करू. ३ अश्वशक्तीच्या पंपाला सुमारे ३ किलोवॉटचे पॅनेल लागते. त्याने १५-१६ चौरस मीटर जागा व्यापली. त्यापासून चांगल्या उन्हाच्या दिवशी १३ युनिटच्या आसपास वीज मिळते. पाणी २० मीटर खोलीवरून उचलायचे आणि मोटर, पंप व नळ यांची मिळून कार्यक्षमता ४० टक्के धरली, तर दिवसाला सुमारे १०० घनमीटर, म्हणजे एक लाख लिटर पाणी वर येते.

अडीच एकर म्हणजे जवळजवळ एक हेक्टर, दहा हजार चौरस मीटर. त्यावर ८५० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याचा दहावा हिस्सा मुरला, तर जमिनीखाली जमा झाले ८५० घनमीटर. रोज १०० घनमीटर उपसा धरला, तर वर्षाची ही पुंजी साडेआठ दिवसांत संपते. आपल्याकडे चांगल्या उन्हाचे दिवस तीनशेच्या आसपास.

हा हिशोब ढोबळ आहे. विहिरीला शेजारच्या जमिनीखालूनही पाणी येते. कालव्याच्या, नाल्याच्या, पाझर तलावाच्या काठी भरणा जास्त असतो. पिकाला दिलेल्या पाण्यातले थोडे परत मुरते. पण शेजारच्या शेतातही पंप बसला की शेजारचे पाणी हिशोबातून जाते. हिंगोलीत हळदीचे क्षेत्र मोठे आहे, वसमतची हळद प्रसिद्ध आहे. हे पीक जवळजवळ नऊ महिने शेतात उभे असते आणि पावसाळा सरल्यावरही त्याला पाणी लागते. म्हणजे मोह मोठा आणि पाषाणातली जागा लहान. शुमनच्या पंपापुढे नाईल होती. आपल्या पंपापुढे २ टक्क्यांची भेग आहे.

दोन्ही माप्या हाती हव्यात

यावर उपाय सौरपंप नाकारणे हा नव्हे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचे उदाहरण सर्वांना माहीत आहे. तिथला पाऊस हिंगोलीच्या निम्म्याच्या आसपास. त्या गावाने शेतीसाठी बोअर घ्यायचे नाहीत असे ठरवले, ऊस-केळीसारखी पिके टाळली, आणि दरवर्षी पाऊस व साठा पाहून ग्रामसभेत कोणते पीक घ्यायचे ते ठरवण्याची रीत घातली. हिंगोलीसह मराठवाड्याच्या सर्व जिल्ह्यांत २०१८ पासून राबवलेल्या हवामान-अनुकूल शेतीच्या ‘पोकरा’ प्रकल्पातही गावाचा पाण्याचा ताळेबंद काढण्याची पद्धत आली. ऊन वापरण्याचा दुसराही मार्ग आहे. गुजरातेत २०१२ साली मेहसाणा जिल्ह्यात चंद्रासन येथे नर्मदेच्या शाखा कालव्यावर पाऊण किलोमीटर लांबीचे छत सौर पॅनेलचे घातले गेले. वीजही मिळाली आणि खालच्या पाण्यावर सावलीही आली. आकाशाची मागणी थोडीशी का होईना कमी झाली.

शाळेत हा विषय शिकवायला उपकरणे फार लागत नाहीत. पसरट परातीत पाणी घेऊन ती उघड्या मैदानात ठेवावी आणि रोज ठरल्या वेळी पट्टीने उंची मोजावी. लहान परातीत ती मोठ्या तलावापेक्षा जास्त घटते, हेही मुलांना सांगावे. शाळेच्या आवारात सरळ बाजूंचा डबा ठेवला की पाऊस मोजता येतो. गावातल्या चार-पाच विहिरींत मालकाच्या परवानगीने, मोठ्या माणसाला बरोबर घेऊन, वजन बांधलेली आणि मीटरमीटरवर गाठी मारलेली दोरी सोडावी. ऑक्टोबरात पाणी किती खाली आहे आणि मे महिन्यात किती, हे वहीत लिहावे. ज्या विहिरींवर सौरपंप बसले आहेत आणि ज्यांवर नाहीत, त्यांच्या नोंदी वेगळ्या ठेवाव्यात. पाच वर्षे हे सातत्याने झाले, तर त्या गावाकडे आपल्या भूजलाची स्वतःची नोंद असेल, आणि कोणते पीक घ्यावे यावरच्या ग्रामसभेतल्या चर्चेत ती वही पुढे ठेवता येईल.

भारतातल्या उन्हाच्या नोंदी ॲना मणींच्या पिढीने करून ठेवल्या. गावच्या विहिरीची नोंद पुण्याहून कोणी येऊन करणार नाही. ती त्याच गावाला करावी लागेल. येत्या ऑक्टोबरात पहिली दोरी सोडायला हरकत नाही.